कुंपणाशी उभं राहून उत्तर द्या: हवेची तपासणी ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय अधिकारीवर्ग,

सविनय नमस्कार.

कारखाने, तेलाच्या टाक्या, जुन्या प्रदूषित जमिनी यांच्या आसपासच्या हवेत काय मोजायचं, कशाने मोजायचं आणि मोजलेलं कोणाला सांगायचं, हे ज्यांच्या सहीने ठरतं त्या तुम्हा सर्वांना हे पत्र लिहिते आहे. मी रसायनतज्ज्ञ आहे. उचलून नेता येणारा गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे हवेतले घटक एकेक वेगळे करून मोजणारं यंत्र, गाडीत टाकून जागोजाग फिरणं हे माझं गेल्या अनेक वर्षांचं काम. आम्ही त्याला नुसतं जीसी म्हणतो.

मागणी आधीच सांगते. लोकांनी वासाची तक्रार केली की तुमचा माणूस हातातलं मीटर घेऊन येतो, एक आकडा वाचतो, ‘मर्यादेत आहे’ असं लिहितो आणि जातो. ही पद्धत बंद करा. हवेतल्या प्रत्येक घटकाला वेगळं करून त्याचं नाव सांगणारं यंत्र जागेवर न्या, ते चालवायला शिकलेला माणूस सोबत द्या आणि त्याने काढलेला आलेख, त्यातल्या चुकांच्या खुणांसकट, तक्रार करणाऱ्याच्या हातात ठेवा.

ही मागणी का करते ते एका रात्रीवरून सांगते.

रात्रीचे दोन वाजले असतील. द्रव इंधनाच्या एका मोठ्या साठ्याच्या कुंपणाबाहेर मी उभी होते. वारा पूर्ण पडला होता. कुंपणापलीकडे राहणाऱ्यांची तक्रार सहा महिन्यांची होती: रात्री गोडसर, इंधनासारखा वास येतो, डोकं जड होतं, सकाळी उठून बघावं तर काही नसतं. त्याआधी तीनदा तपासणी झालेली, तिन्ही वेळा भर दिवसा, वारा वाहत असताना. त्या रात्री माझ्यासोबत आलेल्या तपासनीसांच्या मीटरवर ०.० आकडा होता. त्यांनी तो मला दाखवला. त्यात खोटं काहीच नव्हतं. मीटर चांगलं होतं, संध्याकाळीच कॅलिब्रेट केलेलं होतं.

मी जीसीची नमुना ओढायची नळी चिमट्याने कुंपणाच्या जाळीला लावली. यंत्राने पाच मिनिटं हवा आत घेतली, मग छोटासा ‘टक्’ आवाज झाला आणि पडद्यावर रेघ सरकायला लागली. सुरुवातीला हलक्या हायड्रोकार्बनांची गर्दी, एकमेकांत मिसळलेले उंचवटे. मग रेघ खाली बसली. आणि मग बेंझीनच्या ठरलेल्या वेळेला एक शिखर उठलं, अरुंद, टोकदार. अब्जात १४ भाग, म्हणजे १४ पीपीबी. मागोमाग टोल्युइनचं, जरा बुटकं. तपासनीस बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग हे माझ्याकडे का नाही दिसत?”

त्यांच्या मीटरमध्ये अतिनील प्रकाशाचा एक छोटा दिवा असतो, बहुतेक वेळा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. त्या प्रकाशाने ज्या रेणूतला इलेक्ट्रॉन सुटतो तो रेणू मीटरला दिसतो. बेंझीनला ९.२४ पुरतात, म्हणून बेंझीन दिसतं. कार्बन टेट्राक्लोराइडला ११.४७ लागतात, क्लोरोफॉर्मला ११.३७, फॉर्माल्डिहाइडला १०.८८. ही सगळी विषारी संयुगं त्या दिव्यासमोरून निघून गेली तरी मीटरची सुई हलत नाही. जी दिसतात ती सगळी एकाच आकड्यात जमा होतात. तो आकडा आयसोब्युटिलीन या वायूच्या मापाने लिहिलेला असतो. समोर बेंझीन असेल तर तो खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट दिसतो आणि इथेनॉल असेल तर खऱ्याच्या कितीतरी कमी. शिवाय साध्या मीटरची शेवटची पायरी ०.१ पीपीएम (दहा लाखांत ०.१ भाग), म्हणजे १०० पीपीबी. आमचे १४ पीपीबी त्या पायरीच्या खाली होते, म्हणून ०.०.

आता हे १४ म्हणजे किती? बेंझीनचा एक पीपीबी म्हणजे सुमारे ३.२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. म्हणजे आमचा आकडा ४५ च्या आसपास होता. युरोपीय संघाची बेंझीनची वार्षिक सरासरी मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे आणि २०२४ च्या नव्या निर्देशाप्रमाणे २०३० पासून ती ३.४ होणार आहे. अमेरिकेत तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुंपणावर वार्षिक सरासरी ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की कारण शोधून दुरुस्ती करावी लागते. एका रात्रीचा आकडा वार्षिक सरासरीशी थेट तोलता येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, त्यावर पुढे लिहिते. पण ०.० लिहून फाइल बंद करण्याजोगी ती हवा नव्हती.

त्या रात्री आम्ही कुंपणाच्या कडेने चालत राहिलो. दर दहा मिनिटांनी एक नमुना. साडेतीनच्या सुमारास एका कोपऱ्यात बेंझीन ४१ पीपीबीवर गेलं. तिथे हातातल्या मीटरनेही पहिल्यांदा ०.१ दाखवलं. दोन्ही बाजूंना तीस पावलं गेलं की आकडा उतरत होता. पहाटे पाचला पाळीवरच्या अभियंत्याला आम्ही बोट दाखवून सांगू शकलो: ती समोरची टाकी, तिच्या माथ्यावरचं तपासणीचं झाकण बघा. झाकणाखालची रबरी चकती कडक होऊन चिरली होती. त्याच रात्री मी प्रयोगशाळेत पाठवायला हवेचा एक स्टीलचा कॅनिस्टर, म्हणजे बंद डबा, भरून घेतला होता. प्रयोगशाळेचा अहवाल सोळाव्या दिवशी आला, आणि त्याने आमचे आकडे खरे ठरवले. तोवर चकती बदलून दोन आठवडे होऊन गेले होते.

या सोळा दिवसांवर तुम्ही क्षणभर थांबावं अशी माझी विनंती आहे. प्रयोगशाळेचं काम चोख होतं, तिथल्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण नुसता कॅनिस्टर भरून आम्ही परत आलो असतो तर सोळाव्या दिवशी एका जागेचा, एका वेळेचा एक आकडा हातात आला असता. तो बघून पुढचा प्रश्न सुचला असता: हे येतंय कुठून? त्या प्रश्नासाठी पुन्हा रात्र, पुन्हा कॅनिस्टर, पुन्हा सोळा दिवस. आणि तोपर्यंत वाऱ्याची दिशा बदललेली. जीसी जागेवर नेण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो आणि आपण अजून त्याच कुंपणाशी उभे असतो.

नावाला एवढं महत्त्व का, हेही सांगायला हवं, कारण ‘एकूण व्हीओसी’ (हवेत सहज उडणारी सगळी सेंद्रिय संयुगं मिळून) हा शब्द अहवालांमध्ये इतका रुळला आहे की त्याने काहीतरी सांगितलं असं वाटतं. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमात आठ तासांच्या पाळीसाठी टोल्युइनची मर्यादा २०० पीपीएम आहे, बेंझीनची १ पीपीएम. दोन्हींच्या रेणूत फरक एवढाच, की टोल्युइनवर कार्बनचा एक गट जास्तीचा लटकलेला आहे. दोन्ही इंधनात एकत्र नांदतात, दिव्याच्या मीटरवर दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. पण बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारं म्हणून नक्की ठरलेल्या गटात ठेवलं आहे. टोल्युइन त्या गटात नाही. ‘एकूण व्हीओसी ०.८ पीपीएम’ असं लिहिलेला कागद वाचून त्या घरातल्या गरोदर बाईने खिडकी उघडावी की घर सोडावं, हे कोणीही सांगू शकणार नाही.

वेगळं करण्याची युक्ती जुनी आहे. १९५२ मध्ये अँथनी जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी ती वायूंसाठी मांडली. आजच्या यंत्रात असते केसासारख्या बारीक पोकळीची लांब नळी, म्हणजे कॉलम, आणि तिच्या आतल्या भिंतीला एका चिकट पदार्थाचा पातळ लेप. मिश्रणाला वाहक वायू मागून ढकलत नेतो. वाटेत प्रत्येक रेणू लेपात मुरतो, सुटतो, पुन्हा मुरतो. ज्याला लेपाची ओढ जास्त तो मागे रेंगाळतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. ती वेळ म्हणजे रिटेन्शन टाइम. साध्या, अध्रुवीय लेपावर हा क्रम बराचसा उत्कलनबिंदूप्रमाणे लागतो: ८० अंशाचं बेंझीन आधी, ११० चं टोल्युइन मग, १३६ चं इथाइलबेंझीन, त्यामागे झायलीन. फील्डवरच्या यंत्रात त्याआधी एक छोटी शोषक नळी असते. पाच मिनिटं ओढलेल्या हवेतले सेंद्रिय रेणू तिच्यात अडकतात आणि मग काही सेकंदांत तिला अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवून ते सगळे एकदम कॉलममध्ये सोडले जातात. पडद्यावर रेघ सरकण्याआधी येणारा तो ‘टक्’ आवाज म्हणजे ही झडप फिरल्याचा. इतकं साठवून सोडल्यामुळेच पीपीबीच्या खालपर्यंत पोहोचता येतं.

हे यंत्र प्रयोगशाळेबाहेर नेणं ही नवी हौस आहे असा समज मी बैठकांमधून ऐकते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर हा जीसीला जोडायचा अतिसंवेदनशील शोधक शोधला आणि १९७१ मध्ये स्वतः बनवलेला जीसी ‘शॅकलटन’ या संशोधन जहाजावर चढवला. ब्रिटनहून अंटार्क्टिककडे जाणाऱ्या त्या जहाजावर, भर समुद्रात, हवेचे नमुने तपासले गेले. शीतकरण यंत्रांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरला जाणारा सीएफसी-११ हा वायू त्यांना सगळीकडे सापडला, कोणत्याही कारखान्यापासून हजारो किलोमीटर दूरसुद्धा. प्रमाण लाख कोटी भागांत दोन आकडी संख्येइतकंच. हे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही मोजणी कानावर आल्यावर रसायनशास्त्रज्ञ शेरवूड रोलंड यांना प्रश्न पडला की मग हा वायू शेवटी जातो कुठे. मारिओ मोलिना यांच्यासोबत त्यांनी १९७४ मध्ये दिलेलं उत्तर म्हणजे ओझोनचा ऱ्हास, आणि अशा वायूंवर बंधन घालणारा १९८७ चा माँट्रियल करार त्यातून पुढे आला. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या दोन्ही व्हायकिंग यानांत जीसी होता. १९७९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये स्टीफन टेरी आणि सहकाऱ्यांनी पाच सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या चकतीवर दीड मीटर लांबीचा कॉलम सर्पिल कोरून दाखवला. पन्नास वर्षांपूर्वी मंगळावर जे चाललं ते वस्तीच्या कुंपणाशी चालणार नाही असं मला कोणी सांगू नये.

पण यंत्र आणलं म्हणजे काम झालं, असं म्हणणाऱ्यांचीही मला तेवढीच भीती वाटते. म्हणून माझी एक चूक इथे मांडते.

कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. एका जुन्या गळतीच्या जागेवर जमिनीत नळी घालून मातीतल्या पोकळीतली हवा मोजत होतो. मातीतल्या हवेत बेंझीन भरपूर होतं, पीपीएममध्ये. दुपारी लगतच्या घरातली हवा मोजायला घेतली. पहिल्याच नमुन्यात बेंझीनचं स्पष्ट शिखर. घरातल्या आजोबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, “वाईट आहे का, पोरी?” मी “हो, थोडं आहे” असं म्हणून बसले. माझ्या वरिष्ठांनी मला बाहेर बोलावलं आणि एवढंच विचारलं, “मधे ब्लँक चालवलास?” ब्लँक म्हणजे शुद्ध हवेवरची फेरी. चालवला नव्हता. शुद्ध हवेची पिशवी लावून चालवला तर तेच शिखर पुन्हा आलं, थोडं बुटकं. घरात बेंझीन नव्हतंच. सकाळच्या मातीच्या हवेतलं बेंझीन माझ्याच शोषक नळीत आणि नळीच्या वळणांत चिकटून राहिलं होतं. यंत्र स्वच्छ व्हायला पाच फेऱ्या लागल्या. मग आजोबांच्या खोलीत पुन्हा मोजलं आणि रेघ सपाट आली. त्यांना तसं सांगितलं, पण मधल्या दीड तासात ते नातवंडांना घेऊन अंगणात जाऊन बसले होते. तो दीड तास मी विसरलेले नाही.

म्हणून माझी दुसरी मागणी पहिलीइतकीच जोराची आहे. जागेवरून आलेला कुठलाही जीसीचा आकडा ब्लँकशिवाय आणि त्याच दिवशीच्या स्टँडर्ड गॅसच्या फेरीशिवाय स्वीकारू नका. दिवसाची सुरुवात शुद्ध हवेने, मग माहीत असलेल्या प्रमाणाचा सिलिंडर, मग नमुने, जड नमुन्यानंतर पुन्हा शुद्ध हवा, शेवटी पुन्हा सिलिंडर. सकाळी १० पीपीबीचा गॅस १० दाखवत होता आणि संध्याकाळी ७ दाखवायला लागला, तर मधले सगळे आकडे संशयित आहेत आणि तसं अहवालात लिहिलेलं असायला हवं. यात दिवसाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या फेऱ्या जातात. ‘दिवसाला इतके नमुने झालेच पाहिजेत’ अशी अट निविदेत टाकताना याचा विचार करा, कारण घाईत पहिला बळी ब्लँकचाच जातो.

फील्डवरची बाकीची विघ्नं पुस्तकात फारशी सापडत नाहीत. वाटेत गाडीत इंधन भरलं आणि त्याच हातांनी नमुन्याची नळी जोडली, तर बेंझीन, टोल्युइन, झायलीन सगळं कुटुंब हजर होतं. बाटलीवर नाव लिहायचं मार्कर पेन नळीशेजारी उघडं राहिलं, हाताला सॅनिटायझर लावला, जनित्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवलं, की आलेखात नवी शिखरं. दमट हवेत शोषक नळी पाण्याने भरते. कडक उन्हात कॉलम लवकर थंड होत नाही, फेरी लांबते. टेनॅक्ससारखा प्रसिद्ध शोषकसुद्धा ओझोनमुळे तुटून स्वतःतूनच बेंझाल्डिहाइड सोडतो, आणि नवखा माणूस ते हवेतलं समजून नोंदवतो. या गोष्टी यंत्राच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच. त्या शिकायला एखाद्या जाणत्या माणसासोबत काही महिने फिरावं लागतं. तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र, मग यंत्र कपाटात आणि किल्ली साहेबांकडे, असं चित्र मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. शोषक नळी महिनोन्महिने न वापरता ठेवली की तीही बिघडते.

रिटेन्शन टाइम जुळला म्हणजे नाव पटलं असंही नाही. अध्रुवीय लेपाच्या कॉलमवर बेंझीनच्या अगदी शेजारी सायक्लोहेक्झेन येऊन उभं राहतं. त्याचा उत्कलनबिंदू ८०.७ अंश, बेंझीनचा ८०.१. नॅफ्थाच्या टाकीजवळ दोन्ही असतात. आखूड कॉलम असेल, तापमान घाईने चढवलेलं असेल, तर दोघांचं मिळून एकच खांदेवालं शिखर दिसतं आणि सगळं बेंझीनच्या खात्यावर जमा होतं. त्या रात्री कुंपणाशी मी त्याच नमुन्याची एक फेरी संथ तापमानावर चालवली होती, शिखराला खांदा आहे का हे बघायला. जिथे शंका असेल तिथे वेगळ्या लेपाचा दुसरा कॉलम हवा, नाहीतर मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूचे तुकडे वजनावरून ओळखणारं यंत्र, जोडलेला जीसी हवा. त्यात बेंझीन ७८ वजनाच्या आयनाने ओळखू येतं, सायक्लोहेक्झेन ५६ आणि ८४ च्या. असं यंत्र आता एका माणसाला उचलता येतं, साधारण पंधरा किलोचं. काही वेळा मात्र सगळे उपाय थकतात. मेटा आणि पॅरा झायलीन नेहमीच्या कॉलमवर वेगळी होतच नाहीत, म्हणून प्रामाणिक अहवालात दोघांची बेरीज एकत्र लिहिलेली असते. ज्या अहवालात ती वेगवेगळी, दशांशासकट दिसतील, त्या अहवालाला जाब विचारा. आणि फॉर्माल्डिहाइडसाठी आमच्याकडे येऊ नका. त्याची पद्धतच निराळी आहे.

सरासरीबद्दल लिहिते म्हटलं होतं. वर्षाची मर्यादा वर्षभराच्या मोजणीने तपासावी, हे बरोबरच आहे. अमेरिकी कुंपणांवर त्यासाठी शोषक नळ्या चौदा चौदा दिवस टांगून ठेवतात. ती पद्धत स्वस्त आहे, चांगली आहे, ती ठेवाच. पण चौदा दिवसांच्या सरासरीत मंगळवारच्या रात्री दोन ते पाचमध्ये काय झालं ते विरघळून जातं. टांगलेली नळी सांगते की काहीतरी आहे. कधी आणि कुठून, हे जीसी सांगतो. दोन्हींना एकमेकांचा पर्याय ठरवून एकाचं अंदाजपत्रक दुसऱ्यासाठी कापू नका.

संकटात तर तासांचा हिशोब असतो. टेक्सासमधल्या डिअर पार्क इथे १७ मार्च २०१९ ला रसायनांच्या टाक्यांना आग लागली. धुराचे लोट दिवसचे दिवस दिसत होते. आग विझल्यानंतर, २१ मार्चला, हवेत बेंझीन वाढलं आणि लोकांना घराबाहेर न पडण्याचा आदेश द्यावा लागला. धूर दिसेनासा झाला, तेव्हा धोका डोळ्यांना न दिसणारा होता. अशा वेळी शाळा उघडायची का, हा निर्णय प्रयोगशाळेच्या टपालाची वाट बघत थांबू शकत नाही.

घरांच्या आतलं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. यंत्रांचं तेल काढायला, कपडे कोरडे धुवायला वापरलेली ट्रायक्लोरोइथिलीन, टेट्राक्लोरोइथिलीन यांसारखी द्रावकं जमिनीत मुरतात आणि त्यांची वाफ दशकांनंतरही घरांच्या जोत्यातून वर येते. ट्रायक्लोरोइथिलीनही कर्करोगाच्या त्या पहिल्या गटात आहे. एका घरात ते सापडलं होतं, कॅनिस्टरचा अहवाल होता, आणि जमिनीतून वाफ येतेय असं गृहीत धरून सगळं जोतं सील करायचा बेत चालला होता. आम्ही जीसी घेऊन खोली-खोली फिरलो. जमिनीच्या फटीशी आकडा कमी, माळ्याशी जास्त. तो चढत चढत एका लाकडी कपाटापाशी पोहोचला. आत डाग काढायच्या द्रावकाचा एक जुना, गंजलेल्या झाकणाचा डबा होता. तो बाहेर ठेवला, खिडक्या उघडल्या, दोन तासांनी पुन्हा मोजलं. आकडा दहाव्या हिश्श्याच्या खाली. तीन घरं पलीकडे मात्र उलटं झालं. तिथे न्हाणीघरात पाइप जमिनीत शिरतो तिथल्या फटीत नळी धरल्यावर शिखर पडद्याबाहेर गेलं, आणि त्या घराचं जोतं खरोखरच सील करावं लागलं. दोन्ही घरांचे कॅनिस्टरचे आकडे जवळजवळ सारखे होते.

आता कायद्याची बाजू. आज बहुतेक कार्यपद्धतींमध्ये जागेवरच्या जीसीचा निकाल ‘प्राथमिक’ किंवा ‘सूचक’ या शब्दांखाली जातो आणि फाइलमध्ये त्याला जागाच नसते. खटल्यासाठी, दंडासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हवा, हे मला मान्य आहे. आरोप झालेल्यालाही पक्का पुरावा मागायचा हक्क आहे. पण गळती शोधा, झडप बंद करा, या रांगेतल्या लोकांना आजची रात्र दुसरीकडे झोपवा, हे आदेश देण्यासाठी ब्लँक आणि स्टँडर्डसकट काढलेला जागेवरचा आलेख पुरेसा धरा आणि तसं नियमात लिहा. पडताळणीसाठी काही नमुने त्याच वेळी कॅनिस्टरमध्ये भरून प्रयोगशाळेत पाठवा; दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. ते जुळले नाहीत तर तेही छापा.

आणि आलेख लोकांना द्या. आकड्यांचा तक्ता नव्हे, ती रेघ: तारीख, वेळ, नळी कुठे लावली होती, वारा कुठून होता, आधीचा ब्लँक, नंतरचा स्टँडर्ड. लोकांना काय कळणार, असं मला एका बैठकीत सांगण्यात आलं होतं. त्या कुंपणापलीकडच्या बाईंना मी पहाटे साडेपाचला यंत्राच्या पडद्यावर तीन रेघा एकाखाली एक दाखवल्या होत्या: शुद्ध हवेची, त्यांच्या दाराची, त्या कोपऱ्याची. त्यांनी मधल्या रेघेतल्या शिखरावर बोट ठेवलं, खालच्या रेघेतल्या उंच शिखरावर ठेवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तिकडनं इकडे.” सहा महिने त्या हेच सांगत होत्या.

माझी तुम्हाला विनंती आहे की तुमच्यापैकी एकाने तरी एक रात्र माझ्यासोबत यावं. कुठल्या कुंपणाशी जायचं ते तुम्ही ठरवा. ज्या वस्तीच्या तक्रारींची फाइल सगळ्यात जाड असेल ती निवडलीत तर बरं. तुमचं हातातलं मीटर बरोबर घ्या, स्टँडर्ड गॅसचा सिलिंडरही तुमच्याच प्रयोगशाळेतला आणा, म्हणजे माझ्या यंत्रावर शंका उरणार नाही. शुद्ध हवेची पिशवी मी भरून ठेवते. वारा साधारण एकच्या पुढे पडतो. बाराला पोहोचलो तर ब्लँक आणि स्टँडर्ड चालवून आपण वेळेत तयार असू.

आपली नम्र,
कुंपणाबाहेरून हवा मोजणारी एक रसायनतज्ज्ञ